स्मृतिउद्यान आखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मृतिउद्यानाचा विषय निघाला की बैठकीत दोन बाजू पडतात. एकीकडे ज्यांचं माणूस गेलं ते. दुसरीकडे ज्यांना रोज सकाळी चालायला, संध्याकाळी मुलांना मोकळं सोडायला जागा हवी ते. बरेच जण खरं तर दोन्ही बाजूंचे असतात, पण हे सगळ्यांच्या ध्यानात यायला तिसरी-चौथी बैठक उजाडते. उद्यानरचनेच्या कामात हेच प्रश्न पुन्हापुन्हा समोर आले, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

आधी एक काय ते ठरवा: हे स्मारक आहे की बाग?

दोन्ही. न्यूयॉर्कमधलं पेली पार्क बघा. विल्यम पेली यांनी वडिलांच्या, म्हणजे सॅम्युअल पेलींच्या आठवणीत ते उभारलं आणि १९६७ साली लोकांना खुलं केलं. इमारतींच्या मधला जेमतेम ३९० चौरस मीटरचा तुकडा. मागच्या भिंतीवरून सहा मीटरचा धबधबा, डोक्यावर झाडांची सावली, खाली हव्या तशा हलवता येणाऱ्या हलक्या खुर्च्या. तिथे टेकणाऱ्या बहुतेकांना सॅम्युअल पेली कोण हे ठाऊकही नसेल. तरी एका मुलाने बापाच्या नावाने दिलेली सावली ते वापरत असतात.

उलट टोकही आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे: चौथरा, भोवती साखळ्या, फाटकाला कुलूप. वर्षातून एकदा ते उघडतं, फुलं वाहतात, भाषण होतं, पुन्हा कुलूप. उरलेले दिवस तिथे गवत वाढतं. मान राखायचा म्हणून साखळ्या लावतात, आणि त्या साखळ्यांमुळेच जागा विस्मरणात जाते.

पण मुलं आरडाओरडा करणार, कुणी पळायला येणार, कुणी दुपारी आडवं होणार. हा गेलेल्यांचा अपमान नाही का?

हा प्रश्न ज्यांनी माणूस गमावलं त्यांच्याकडून आला तर घाईने उत्तर देऊ नये. आधी ऐकावं. बहुतेक वेळा त्यांना मुलांचा त्रास नसतो, धास्ती असते ती बेफिकिरीची. दोन्हींत फरक आहे. नावांच्या भिंतीपासून पन्नास पावलांवर पोरं पकडापकडी खेळत असतील तर ते जगणं झालं. नावावर पाय देऊन कुणी फोटो काढत असेल तर ती बेफिकिरी. रचनेने पहिल्याला जागा द्यायची आणि दुसरं घडूच नये अशी मांडणी करायची.

कोपनहेगनमधली असिस्टेन्स ही दफनभूमी १७६० सालची. परीकथा लिहिणारे हान्स ख्रिश्चन अँडरसन आणि तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द यांच्या कबरी तिथे आहेत. तिथेच लोक उन्हात पुस्तक वाचत पडतात, मुलांना बाबागाडीतून फिरवतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण तिथलं वागणं पिढ्यानपिढ्या मुरलेलं आहे. नव्या उद्यानाकडे ही शिदोरी नसते, हे मान्य करायला हवं.

बर्लिनमधलं ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक २००५ साली खुलं झालं. काँक्रीटचे २,७११ ठोकळे, काही गुडघ्यापेक्षाही खाली तर काही साडेचार मीटरहून उंच. इथे लोक खातील-पितील, पोरं लपाछपी खेळतील, हे त्याचे वास्तुरचनाकार पीटर आयझेनमन यांनी आधीच गृहीत धरलं होतं. तसंच झालं, आणि त्यावर वादही झाले. ठोकळ्यांवरून उड्या मारू नयेत म्हणून तिथे नियम लिहावे लागले. मला विचाराल तर कंबरेएवढा सपाट ठोकळा दिसला की पोरगं त्यावर चढणारच. फलक लावायची वेळ आली की रचनेत कुठेतरी चुकलं, असं मी स्वतःच्या कामापुरतं तरी धरून चालते.

मग शांत भाग आणि गजबजलेला भाग वेगळा ठेवायचा कसा? कुंपण घालावं का?

कुंपण शेवटचा उपाय. त्याआधी चार-पाच गोष्टी हाताशी असतात आणि त्या जास्त नीट काम करतात.

पहिली, जमिनीची पातळी. माणूस चार पायऱ्या किंवा एक लांब उतार उतरला की आवाज आपोआप खाली येतो. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकात, म्हणजे त्या युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या नावांच्या भिंतीपाशी, नेमकं हेच आहे. वाट हळूहळू खाली जाते, भिंत पायाच्या घोट्यापासून सुरू होऊन मध्यावर तीन मीटरपर्यंत चढते आणि मागे रस्ता आहे हे विसरायला होतं. कुणी ‘शांतता राखा’ म्हणत नाही.

दुसरी, पायाखालचा पृष्ठभाग. गुळगुळीत फरशीवर स्केटिंगची चाकं येतात, खडीवर येत नाहीत. खडी पायाखाली करकरते आणि आपला आपल्यालाच आवाज ऐकू येऊ लागतो, तसा माणूस पाऊल सांभाळून टाकतो. पण खडीत चाकाची खुर्ची आणि काठी रुतते, म्हणून तिच्या बाजूने घट्ट बसवलेल्या दगडाची पट्टी हवीच. आणि ती पट्टी नावांपर्यंत पोचायला हवी, अलीकडेच थांबायला नको. उतार १:२० पेक्षा चढा झाला की तो रॅम्प धरायचा: कठडे लावायचे, मध्ये विसाव्याची सपाट जागा द्यायची.

तिसरी, अंतर आणि नजर. क्राइस्टचर्चला २०११ च्या भूकंपात गेलेल्या १८५ जणांचं स्मारक २०१७ साली पुरं झालं. ते एव्हन नदीच्या दोन्ही काठांवर आहे. एका काठावर नावांची भिंत, समोरच्या काठावर झाडं आणि बसायची जागा. ज्याला नावाला हात लावायचा तो इकडे येतो. ज्याला नुसतं बसायचं तो तिकडे बसतो आणि पाण्यापलीकडची भिंत त्याला दिसत राहते. मधल्या नदीने कुंपणाचं काम केलं, आणि कुणाला अडवल्यासारखंही वाटलं नाही.

चौथी, चालण्याची लय. स्टॉकहोमची स्कूग्सशिर्कोगोर्डन दफनभूमी गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेंट्झ या दोघांनी आखली. १९९४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिथे एका टेकडीवर एल्म झाडांची राई आहे. वर जाणाऱ्या पायऱ्यांची उंची माथ्याकडे जाताना कमीकमी होत जाते. खालची पायरी नेहमीसारखी, वरची जवळजवळ सपाट. चढणाऱ्याला कळतही नाही, पण वर पोचेपर्यंत धाप लागलेली नसते. दुःखात असलेल्या माणसाच्या छातीचा असा विचार कागदावर रेघ ओढताना कुणी केला, हे मला अजूनही थक्क करतं.

पाचवी, आडरस्ता. स्थानकाकडे किंवा शाळेकडे जाणारी रोजची वाट उद्यानातून जाऊ द्या. ती नावांच्या *जवळून* जावी, *मधून* जाऊ नये. घाईत असलेल्याला बाजूला होता यावं आणि थांबावंसं वाटलं तर दोन पावलांत वळता यावं.

नावं कोरायचीच का? आणि कोणत्या क्रमाने?

गेलेल्यांची नावं माहीत असतील तर कोरावीत. उद्यानात बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण माणसं येऊन शोधतात ते नाव.

क्रम ही मात्र सोपी बाब नाही. वर्णानुक्रम शोधायला सोयीचा, पण त्यात एकाच आडनावाची रांग लागते आणि माणसं यादीतल्या नोंदी होऊन जातात. व्हिएतनाम स्मारकावर ५८,००० हून जास्त नावं आहेत, ती बळी पडल्याच्या तारखांप्रमाणे. एकाच चकमकीत गेलेले सोबती त्यामुळे शेजारी-शेजारी आले. १९८१ सालच्या स्पर्धेत १,४२१ प्रवेशिकांमधून ही कल्पना निवडली गेली तेव्हा ती मांडणारी माया लिन २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. क्रमावरून तेव्हा बरीच खळखळ झाली. आज नाव शोधायला सूची लागते, पण त्या क्रमावर फारसं कुणी बोट ठेवत नाही.

न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर स्मारकात २,९८३ नावं आहेत आणि तिथे आणखी पुढे जाऊन घरच्यांना विचारलं गेलं: यांच्या शेजारी कुणाचं नाव हवं? सहकारी, मित्र, एकाच विमानातले. अशा हजारावर विनंत्या जुळवत यादी मांडली. बघणाऱ्याला ती विस्कळीत दिसते, ज्याला ठाऊक आहे त्याला मात्र दोन नावांमधलं नातं दिसतं.

आता जरा कामाचं बोलू. नाव कसं लिहायचं हे घरच्यांकडून लेखी घ्या, दोनदा तपासा, कोरण्याआधी पूर्ण आकाराचा कागद त्यांच्यासमोर ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दगडात गेली की ती आयुष्यभर सलते. शेवटी मोकळी जागा ठेवा. नावं नंतरही येतात, व्हिएतनामच्या भिंतीवरही आली. सगळ्यात वरचं नाव चाकाच्या खुर्चीतून हाताला लागतंय का, ते खुर्चीत बसून बघा. अक्षर इतकं खोल हवं की डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता यावं.

आणि ऊन. एका कामात आम्ही काळा ग्रॅनाइट घेतला, घासून आरशासारखा केलेला. भिंतीचं तोंड पश्चिमेला होतं. नकाशावर तीच दिशा सोयीची दिसत होती. खुलं झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, दुपारी चारच्या सुमारास, एका आजींनी मुलाच्या नावावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पदराचं टोक मधे धरून पुन्हा ठेवला. मी बाजूलाच उभी होते, काय बोलणार? चूक सर्वस्वी आमची होती. नंतर तिथे समोर झाडांची रांग लावली. सावली भिंतीपर्यंत पोचायला सहा पावसाळे गेले.

पुतळा हवाच असा आग्रह आहे. काय करावं?

आधी विचारा, कुणाला हवाय आणि का. कधीकधी त्यामागे रास्त भावना असते: चेहरा हवा. व्हिएतनामच्या भिंतीवर नाराज असलेल्यांसाठी १९८४ साली तीन सैनिकांचा पुतळा उभा राहिला, पण तो भिंतीपासून दूर, झाडांच्या कडेला ठेवला. तडजोड अशी असावी. पुतळा मधोमध आणून बसवला की सगळी बाग त्याच्याकडे तोंड करून उभी राहते आणि मग रोजच्या माणसाला तिथे पाठ करून बसायलाही अवघडल्यासारखं होतं.

पाणी असलं की छान वाटतं. कारंजं घ्यावं का?

घ्या, पण लोक त्यात पाय घालणार हे धरून घ्या.

लंडनच्या हाइड पार्कमधलं राजकुमारी डायनाचं स्मृतिकारंजं जुलै २००४ मध्ये सुरू झालं. ग्रॅनाइटची एक मोठी लंबवर्तुळाकार पन्हाळ, तिच्यातून दोन्ही बाजूंनी वाहत जाणारं पाणी. कल्पना सुंदर, आणि लोक थेट आत उतरले. तीन जण घसरून जखमी झाले आणि पंधरा-सोळा दिवसांत ते बंद करावं लागलं. पुढे पृष्ठभाग खरखरीत केला, देखरेख नेमली. आता काठावर बसून पाय बुडवता येतात, आतून चालता येत नाही. ओला गुळगुळीत दगड, शेवाळ आणि अनवाणी पाऊल एकत्र आलं की काय होतं हे तिथे सगळ्या जगाने पाहिलं.

पाण्याचा खरा उपयोग आवाजाचा आहे. पेली पार्कचा धबधबा रस्त्यावरची गाड्यांची घरघर झाकून टाकतो, आणि शेजारच्या खुर्चीतलं बोलणंही. रडू आलेल्या माणसाला याहून चांगला आडोसा मिळत नाही. मात्र पंप बंद पडला की कोरडं टाकं हे बागेतलं सगळ्यात उदास दृश्य असतं. म्हणून पाणी नसतानाही जी जागा चांगली दिसेल अशीच आखा.

प्रत्येकाच्या नावाने एक झाड लावलं तर?

कल्पना मनाला भिडते, पण मी सहसा नको म्हणते. नव्या लागवडीतली काही झाडं मरतातच. झाड वाळलं की त्या घरावर दुसऱ्यांदा आघात होतो. माळ्याला फोन येतात, ‘आमचंच का गेलं?’ शेजारचं झाड दुप्पट वाढलं तरी मन खट्टू होतं. त्यापेक्षा सगळ्यांची मिळून एक राई करावी. एखादं गेलं तर दुसरं लावावं, राई राहते.

वाचलेलं झाड ही वेगळी गोष्ट. ओक्लाहोमा सिटीत १९ एप्रिल १९९५ च्या स्फोटातून एक जुना अमेरिकन एल्म वाचला. आधी तो वाहनतळातला निव्वळ सावलीचा सोबती होता; आता स्मारकाची मांडणी त्याला मान देऊन केलेली आहे. असं झाड असेल तर इमारतीपेक्षा आधी त्याच्या मुळांची काळजी घ्या. फांद्यांच्या घेराखाली खोदकाम नको, ट्रक नको, भराव नको.

घटना जिथे घडली त्याच जागी बाग करायची असेल तर किती बदल करावा?

कमीत कमी.

जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी डायर सैनिक घेऊन ज्या अरुंद बोळातून शिरला, तो बोळ हीच सगळ्यात बोलकी खूण होती. उघड्या विटा, दोन्ही बाजूंनी अंगावर येणाऱ्या भिंती. २०२१ च्या नूतनीकरणात त्या भिंतींवर शिल्पं बसवली गेली आणि त्यावर इतिहासकारांनी कडक टीका केली. टीका मला पटते. बोळ काहीही न बोलता जे सांगत होता, ते आता शिल्पांच्या गर्दीत ऐकू येत नाही.

वेल्समधल्या अबरफॅनला १९६६ साली कोळशाच्या खाणीतला राडारोडा शाळेवर कोसळून १४४ जण गेले, त्यातली ११६ मुलं. शाळेच्या जागी आता बाग आहे आणि तिथल्या बुटक्या भिंती वर्गखोल्यांची आखणी सांगतात. तेवढं पुरतं.

हिरोशिमाचं शांती उद्यान आज मोकळं हिरवं दिसतं, पण तो नाकाजिमा भाग बॉम्ब पडेपर्यंत घरं-दुकानांनी भरलेला होता. इथे केन्झो तांगे यांनी एक रेघ धरली: स्मृतिकमानीसमोर उभं राहिलं की तिच्यातून ज्योत आणि पलीकडचा, बॉम्बमधून उरलेल्या इमारतीचा पडका घुमट एका ओळीत दिसतात. त्या रेघेत त्यांनी काही येऊ दिलं नाही. बाकी उद्यानात माणसं फिरतात, नदीकाठी बसतात, कामावर जाताना मधून जातात.

माहितीफलकावर किती लिहावं?

उभ्याउभ्या एका मिनिटात वाचून होईल एवढं. काय झालं, कधी, किती जण गेले, कारण काय. कारण गाळू नका. ‘दुर्दैवी घटना’ हे शब्द दिसले की मी खोडते.

वर्षातून एक दिवस हजारो लोक येतात. त्यांच्यासाठी मोठं पटांगण नको का?

पटांगण हवं, पण फरसबंदी नको. उरलेल्या ३६४ दिवसांत ते रिकामं तापत पडतं. हिरवळ चांगली, कडेने झाडं, जमिनीखाली निचरा नीट. तात्पुरत्या मांडवासाठी पाया आणि विजेची जोडणी जमिनीत दडवून ठेवायची. त्या दिवशी सभा, दुसऱ्या दिवशी तिथेच चेंडू. स्तब्धतेच्या मिनिटाला कारंजं कुठून बंद करायचं ते बटण कुणाला माहीत असावं, हेही बघा. ऐन वेळी शोधाशोध होते.

लोक पत्रं, फुलं, खेळणी ठेवून जातात. उचलायची की राहू द्यायची?

दोन्हींचं वेळापत्रक हवं, आणि ते ठेवणाऱ्यांना ठाऊक असावं. हिरोशिमातल्या मुलांच्या स्मारकापाशी दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी बगळे येतात; त्यांतून आता नवा कागद बनवला जातो. व्हिएतनाम स्मारकापाशी ठेवलेल्या कितीतरी वस्तू जपल्या गेल्या. ओक्लाहोमा सिटीत लोकांनी सुरुवातीच्या साध्या जाळीच्या कुंपणालाच वस्तू अडकवल्या होत्या. स्मारक पुरं झाल्यावर त्या कुंपणाचा एक भाग मुद्दाम ठेवला, आणि लोक अजून तिथेच अडकवतात. तुम्ही जागा दिली नाहीत तर लोक स्वतः शोधतील, आणि मग नावांच्या खाचांत मेणबत्त्यांचं मेण भरलेलं सापडेल.

मोबाइल, सेल्फी, खेळ?

२०१६ च्या उन्हाळ्यात लोक मोबाइलवरच्या खेळातले पोकेमॉन नावाचे प्राणी शोधत हिरोशिमाच्या उद्यानात शिरले. अखेर ६ ऑगस्टच्या आधी ते उद्यान खेळातून काढून टाकावं लागलं. अशा गोष्टी रचनेने थांबत नाहीत, तिथे संबंधितांना पत्र लिहावं. सेल्फीची मी फार चिंता करत नाही.

निर्णय कुणाचा चालावा, घरच्यांचा की रहिवाशांचा?

नावं, क्रम, मजकूर हे घरच्यांनी ठरवावं. वाटा, बाकं, दिवे, खेळाची जागा हे रोज वापरणाऱ्यांनी. ही वाटणी पहिल्याच बैठकीत लिहून घेतली की निम्मी भांडणं टळतात. उरलेली निम्मी पार्किंगवरून होतात.

देखभाल कोण करणार?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, म्हणून इथे तो शेवटून दुसरा ठेवलाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये एक दुर्लक्षित, झुडपांनी भरलेला खोलगट भाग होता. १९९१ साली एड्सने माणसं गमावलेल्यांनी तो साफ करायला घेतला. तीच एड्स स्मृतिराई. तिथे स्वयंसेवकांचे कामाचे दिवस ठरलेले असतात. लोक येतात, तण काढतात, रोपं लावतात. काहींसाठी गुडघे टेकून माती उकरणं हीच आठवण असते. पण स्वयंसेवकांवर पंप, दिवे आणि नळ टाकू नयेत. त्यासाठी पगारी माणूस आणि दर वर्षाची तरतूद कागदावर हवी, आणि ती कोनशिला बसायच्या आधी हवी.

आम्ही आत्ताच जमलो आहोत. पहिलं काम काय?

नकाशाकार बोलावू नका. आठवडाभर त्या जागेवर जाऊन बसा: सकाळी सहाला, भर दुपारी, दिवे लागल्यावर, आणि एकदा पावसात. लोक गवतातून कुठे वाट पाडतात, सावली कुठे पडते, पाणी कुठे साचतं, म्हातारी माणसं कुठे टेकतात ते वहीत काढा. एकदा ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यापैकी कुणालातरी सोबत न्या आणि त्यांना पुढे चालू द्या. ते जिथे थांबतील तिथे खूण करा.